मीठ की जाळ

शकूला आवडाकाकीचा पहिला संशय आला तो काकीने तिला बोलावलं नाही म्हणून.

एरवी भात झोडून झालं, की काकी आपल्या वाडीत वांगी, मिरच्या, मुळे लावायची, आणि रोपांनी माना वर काढल्या रे काढल्या की शकूला हाक यायची. मग शकूने खुरपं घेऊन दिवसभर उकिडवं बसायचं, घोळ, हरळी, लव्हाळा दिसेल ते काढायचं, घसा फाटेस्तोवर गाणी म्हणायची, आणि निघताना काकीच्या चुलीपाशी बसून सुकटीच्या कालवणाबरोबर भाकऱ्या हाणायच्या. यंदा वांग्यांना फुलं आली तरी हाक नाही. शकूने आधी वाट पाहिली, मग ती रुसली, आणि आपण रुसलोय हे कुणाच्या ध्यानातही आलेलं नाही असं दिसल्यावर स्वतःच उठून वाडीत गेली.

वाडी स्वच्छ होती. वांग्यांच्या ओळींमध्ये तण नव्हतं असं नाही. होतं, पण मेलेलं. उपटलेलं नाही, कापलेलं नाही, गुरांनी खाल्लेलं नाही. मुळं मातीत घट्ट, आणि वरची पानं उकडलेल्या भाजीसारखी माना टाकून पडलेली. शेजारचं वांगं मात्र टवटवीत. माती कुठे उकरलेली नव्हती की राखेचा काळा डाग नव्हता. जणू कुणी एकेका रोपट्याच्या कानात सांगितलं होतं, मर, आणि ते निमूट मेलं होतं.

कोपरी गावात झाड जागच्या जागी मेलं की माणसाच्या मनात एकच गोष्ट येते. गावाच्या एका अंगाला आगगाडीचा रूळ, दुसऱ्या अंगाला खाडी. खाडीला लागून मिठागरं आणि मिठागरांच्या अलीकडे भाताची शेतं. रूळ येऊन इतकी वर्षं झाली होती की शकूच्या वयाच्या पोरांना रुळाशिवायचं गाव ठाऊकच नव्हतं, पण मीठ मात्र सगळ्यांनाच ठाऊक होतं. मिठागरात तापत तापत दाट होत गेलेलं खारं पाणी, ज्याला मिठवणी म्हणतात, ते घडाभर जरी कुणाच्या शेतात ओतलं तरी तिथे पुढची कितीतरी वर्षं गवत धरत नाही. कुणाचा खून केला तर निदान भांडणाचं कारण तरी विचारतील. कुणाच्या मातीत मीठ घातलं तर तेही विचारणार नाहीत.

शकूने इकडेतिकडे पाहिलं, चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. खारट लागली. मग तिने वाडीबाहेर जाऊन रस्त्यावरची माती चाखली. तीही खारट. कोपरीत कुठली माती गोड असणार? शकू थुंकली आणि पहिल्यापेक्षा जास्त संशय घेऊन घरी आली.

घरी येऊन तिने बापाला, भिवाला, विचारलं, की काकी मीठ घालून तण मारत असेल का. भिवाने हातातली भाकरी खाली ठेवली. असलं तोंडातून पुन्हा काढलंस तर जीभ डागीन, एवढंच तो म्हणाला, आणि मग जेवला नाही. आवडाबाई त्याच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको. पदरी मूल नाही. नवऱ्यामागे गावकीने ही वाडी तिच्याकडे राहू दिली होती, आणि तिथली भाजी ठाण्याच्या बाजारात विकून ती पोट भरत होती. वाडी गेली तर तिला मिठागरात पाट्या वाहायला जावं लागलं असतं, आणि तिच्या गुडघ्यांकडे पाहून कुणीही सांगितलं असतं, की ते तिला जमणार नाही.

शकूने जीभ आवरली, पण डोळे कोण आवरणार? रोज ऊन चढलं, गाव मिठागरात किंवा सावलीत गेलं, की काकी डोक्यावर पाटी घेऊन वाडीकडे जायची. पाटीत शेणी, वाळलेल्या गोवऱ्या. शकूने एकदा वाटेत गाठून विचारलंच, की लोक शेणी शेतातून घरी आणतात, तू घरातून शेतात नेतेस ते कशाला. काकी म्हणाली, वाळत घालायला. वाळलेल्या शेणी वाळत घालायला! शकूला हसू आलं, पण ते टिकलं नाही. काकी तिच्याशी आजवर कधी खोटं बोलली नव्हती.

आणि मग नाथाकाकाचे वाल मेले.

नाथा म्हणजे शकूच्या भावकीतला चुलता. काकीच्या वाडीला लागूनच त्याचं शेत, मध्ये एक हातभर रुंदीचा बांध. त्या बांधालगत त्याने वाल पेरले होते, आणि त्यातले काठावरचे वेल एका दिवसात माना टाकून मोकळे झाले. नाथा गावभर बोंबलत फिरला, की आवडाने मिठवणी ओतली, आज बांधाला ओतली, उद्या माझ्या शेताला ओतील. बायका म्हणाल्या, त्याचा त्या वाडीवर पहिल्यापासून डोळा आहे. तेही खरं होतं. पण एका पावसाळ्यात खाडीचा बांध फुटून नाथाचं निम्मं शेत खाऱ्या पाण्याखाली गेलं होतं आणि तिथे अजून काडी उगवत नव्हती, हेही खरं होतं. मेलेला वेल हातात धरून तो बोलायचा तेव्हा त्याचे ओठ थरथरायचे, आणि ते काही सोंग नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावदेवीच्या पारावर बसायचं ठरलं. दुसऱ्याच्या मातीत मीठ घालणाऱ्याची जमीन काढून ज्याचं नुकसान झालं त्याला द्यायची, अशी गावकीची जुनी रीत होती. म्हणजे वाडी नाथाची.

त्या दुपारी शकू काकीच्या आधीच वाडीच्या कोपऱ्यातल्या ताडामागे जाऊन बसली. तिला खात्री करून घ्यायची होती. कशाची, ते मात्र तिला नीट सांगता आलं नसतं.

काकी आली. तिने आधी वाऱ्याचा अंदाज घेतला, मग चारी बाजूंना पाहिलं. पाटीतल्या शेणी बाजूला करून तिने खालून एक मडकं काढलं, आणि ताडाच्या वाळक्या पात्यांची एक लांब जुडी. जुडीचं टोक मडक्यात घातलं, फुंकलं, बाहेर काढलं, आणि वाकून ती तणावरून फिरवायला लागली. झाडू मारावा तशी, पण जमिनीला न लावता. पुढे, मागे, पुढे. काकीचे ओठ हलत होते. जुडीच्या टोकाला काहीच नव्हतं. नुसती हवा थरथरत होती, आणि त्या थरथरत्या हवेपलीकडचं वांगं पाण्यात असल्यासारखं दिसत होतं.

मिठवणी परवडली. हे तर चेटूक.

शकू पळालीच असती, पण तेवढ्यात एक वाळकं पातं तडतडलं आणि जुडीच्या टोकावरून ठिणगी उडाली. जाळ! रखरखीत उन्हात जाळ दिसतच नव्हता, एवढंच. शकू ताडामागून उठून उभी राहिली, आणि काकीने दचकून ती जळती जुडी, म्हणजे चूड, शेजारच्या पाण्याच्या घड्यात खुपसली. फुस्स झालं.

"तू व्हय," काकी म्हणाली आणि मटकन खाली बसली.

मग सगळं बाहेर आलं. रुळाच्या कडेचं गवत रेल्वेचे मजूर दरवर्षी पेटवतात. गेल्या पावसाळ्याच्या आधी काकी भाजी घेऊन रुळाकडेने येत असता तिने पाहिलं, की जिथे जाळ जोरात लागला तिथलं गवत काळं झालं आणि पावसाबरोबर पुन्हा तरारून आलं, पण जिथे नुसती धग लागून गेली तिथलं बारीक तण त्या दिवशी हिरवं दिसलं आणि दुसऱ्या दिवशी मेलं. तेव्हापासून ते तिच्या डोक्यात घोळत होतं. खुरप्याने उकरलं की आपल्या या मातीत खालचा खार वर येतो, रोपं पिवळी पडतात, आणि गुडघे तर बसूच देत नाहीत. धगीला माती उकरावी लागत नाही. जाळायचं नाहीच, नुसतं चटकावून पुढे जायचं. तण बोटभर असतानाच गाठायचं. लव्हाळा फिरून येतो, आला की फिरून चटका द्यायचा, दोन-चार वेळा दिला की त्याची गड्डीसुद्धा दमते.

काकीने एक घोळीचं पान शकूच्या चिमटीत दिलं आणि दाबायला सांगितलं. शकूने दाबून सोडलं. पानावर तिच्या बोटाचा ठसा गडद उमटून राहिला. असा ठसा राहिला की समजायचं ते मेलं, मग वरून कितीही हिरवं दिसो, काकी म्हणाली. हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला, की शकूला क्षणभर सगळी भीती विसरायला झालं. मग तिला आठवलं, की ही बाई उद्या पारावर उभी राहणार आहे.

"मग सांग ना उद्या. जाल हाय, मीठ नाय."

"आनि पेंढा?" काकी म्हणाली.

गेल्या हिवाळ्यात राघो पाटलाच्या खळ्यावरच्या पेंढ्याच्या उडव्या पेटल्या होत्या. मुंबईच्या तबेल्यांना विकायचा पेंढा, एका दुपारी सगळा गेला. कुणी पेटवला ते कधीच कळलं नाही. तेव्हापासून सुगीनंतर पेंढा गावाबाहेर जाईपर्यंत कुणी विस्तव घेऊन शेताकडे जायचं नाही, विडीसुद्धा ओढायची नाही, असा पाटलाने नियम घातला होता. जो जाईल त्याच्याशी गाव बोलणार नाही, विहिरीवर येऊ देणार नाही. आता काकी जाळ घेऊन फिरते असं म्हटलं, की उद्या पहिला प्रश्न येणार, मागल्या वर्षी कोण फिरत होतं?

"मीठ म्हनतील तर वाडी जाईल," काकी म्हणाली. "जाल म्हनतील तर गाव जाईल. वाडी गेलेली बरी. तू बोलू नको गो, शके. माझी आन हाय तुला."

शकूने मान हलवली. हलवताना तिला स्वतःचाच भरवसा वाटत नव्हता.

सकाळी पारावर सगळं गाव होतं. राघो पाटील मध्ये बसला होता. माणूस शांत, पण उडव्या जळाल्यापासून कुणाच्या कानामागे विडी दिसली तरी त्याची नजर तिथेच अडकायची. काकी डोक्यावरचा पदर पुढे ओढून एका बाजूला उभी. नाथाने पानात बांधून आणलेली बांधावरची माती पुढे ठेवली. पाटलाने ती चाखली, भिवाने चाखली, मिठागरात जन्म गेलेल्या आणखी दोघा-तिघांनी चाखली. खारट आहे, असं सगळे म्हणाले. किती खारट, यावर दोन तट पडले. एक म्हातारा म्हणाला, की आमच्या अंगणातली याहून खारट आहे, तर नाथा म्हणाला, मग तुमच्या अंगणातही आवडा आली असेल. लोक हसले. काकी हसली नाही.

पाटलाने तिला सरळ विचारलं, की तण कशाने मेलं ते सांग. काकी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. त्याने पुन्हा विचारलं. नाथा म्हणाला, बोलेल कशी, तोंडात मीठ आहे. पाटलाने सुस्कारा सोडला आणि भिवाकडे पाहिलं, निकाल द्यायच्या आधी घरच्या माणसाकडे पाहतात तसं. भिवाने मान खाली घातली.

"जालानं मेलं," शकू म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण सगळ्यांना ऐकू गेलं. काकीने तिच्याकडे जे पाहिलं ते शकूने पाहिलंच नाही, कारण तिने डोळे मिटून घेतले होते. मिटल्या डोळ्यांनीच तिने सगळं सांगून टाकलं, रूळ, गवत, चूड, मडकं, बोटाचा ठसा. बोलता बोलता थांबली असती तर पुन्हा सुरू करायचं धैर्य झालं नसतं, म्हणून ती दम न घेता बोलली. डोळे उघडले तेव्हा सगळं गाव तिच्याकडे बघत होतं.

आणि मग लोकांना हसू फुटलं. उन्हाळ्यात भाताचा राब भाजणारं गाव ते. पालापाचोळा, शेण पसरून पेटवायचं, जमीन काळीठिक्कर करायची, म्हणजे तणाचं बी मरतं, हे तिथल्या पोरासोरांना माहीत. जाळ लावला आणि राख नाही, काळं नाही, शेजारचं वांगं हिरवंगार? पोर काकीसाठी खोटं बोलते, असं गंगुबाई म्हणाली. गंगुबाई नाथाची बायको, पण तीही हे प्रेमानेच म्हणाली.

राघो पाटील हसला नव्हता. तो उठला. म्हणाला, बघूच.

सगळं गाव वाडीत आलं. पाटलाने चारी कोपऱ्यांना पाण्याचे घडे भरून ठेवायला लावले आणि काकीच्या हातात स्वतः चूड दिली. काकीने सवयीने आधी वाऱ्याचा अंदाज घेतला. मग ती वाकली. पुढे, मागे, पुढे. बांधाकाठच्या तणावरून ती चालत गेली आणि वळून उभी राहिली.

तण जसंच्या तसं होतं. हिरवं, ताठ, हसरं म्हणावं असं.

नाथा टाळी पिटून म्हणाला, झालं? हे बघा, एक पान वाकलं नाही. शकूने पुढे होऊन त्याला म्हटलं, की काका, एक पान दाबा. नाथाने आधी तिच्याकडे, मग पानाकडे संशयाने पाहिलं, पण दाबलं. अंगठ्याचा ठसा उमटला. ही काय जादू दाखवतेस, म्हणून त्याने हात धोतराला पुसला. आता थांबायचं, शकू म्हणाली. किती? ऊन कलेपर्यंत. नाथा म्हणाला, थांबतो, पण आमची पाठ वळली की ही मिठवणी ओतील, म्हणून मी इथेच बसणार. आणि तो खरंच त्या तणापुढे मांडी घालून बसला, नाक जवळजवळ पानाला लावून.

असं गाव कुणी पाहिलं नसेल. मिठागरातलं काम सोडून माणसं गवताकडे बघत बसलेली. गंगुबाईने नवऱ्याला भाकरी आणून दिली, तर ती खाताना त्याने एक डोळाही हलवला नाही, आणि ठेचा समजून एकदा मातीतच भाकरी टेकवली. पोरं त्याच्या भोवती फेर धरून नाचून गेली. काकी एकटीच बांधावर बसली होती. शकू तिच्याजवळ गेली तर तिने तोंड फिरवलं.

ऊन डोक्यावर आलं आणि घोळीच्या पानांची चकाकी गेली. नाथा डोळे चोळायला लागला. थोड्या वेळाने लव्हाळ्याची पाती पिळल्यासारखी झाली. मग कुणी ढकलावं तशी एकेक काडी आडवी व्हायला लागली, आवाज न करता, राख न होता. सावल्या लांबल्या तोवर पट्टाच्या पट्टा भुईसपाट होता आणि त्याच्या शेजारी वांगी ताठ उभी होती. नाथाने त्या तणाखालची माती उचलली, चाखली, पुन्हा चाखली.

"नेमीचाच खार. मिठवनी नाय," तो म्हणाला. आणि लगेच म्हणाला, "आज जालानं मेलं. काल मिठानं मेलं नसंल कशावरून?"

पण पाटील त्याचं ऐकत नव्हता. तो काकीपुढे जाऊन उभा राहिला होता. अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, की मागल्या हिवाळ्यात, माझ्या उडव्या पेटल्या तेव्हा, ही चूड तुझ्या हातात होती का.

काकी नाही म्हणाली. नुसतं नाही. हे सगळं आपण ओढवून आणलं, या एका विचारापलीकडे शकूला काही सुचेना. आणि मग सुचलं. मागल्या हिवाळ्यात इथलं तण मी काढलं, ती म्हणाली, खुरप्याने, रोज. पाटील म्हणाला, पोरी, तू तिच्याच घरची.

"ती खरंच बोलते," गंगुबाई म्हणाली. ती भाकरीची चवड बांधत होती, वरसुद्धा न बघता बोलली. "मागल्या साली हीच व्हती इथं. सकालपासून रेकायची. माझं डोकं उठायचं. उडव्या पेटल्या त्या दुपारी पन रेकत व्हती, मी बांधावर येऊन शिव्या घातल्या नि वलले तर धूर. आवडा तिच्या बाजूलाच बसली व्हती."

शकूच्या गाण्याला आजवर कुणी एवढा मान दिला नव्हता. पाटलाने गंगुबाईकडे पाहिलं. ती नाथाची बायको होती. आवडाला वाचवून तिचा काही फायदा नव्हता, उलट वाडी गेली असती तर तिच्याच घरात आली असती. पाटलाच्या खांद्यांतला ताठपणा हळूहळू उतरला. त्याला कुणीतरी सापडायला हवं होतं, आणि ते आजही सापडलं नव्हतं.

वालांचं काकीनेच कबूल केलं. त्या दिवशी वारा फिरला आणि धग बांधापलीकडे गेली, ते वेल मी मारले, तेवढे पुन्हा पेरून देईन, म्हणाली. नाथा म्हणाला, पेरून कोण देणार, ही? माझ्या शेतात ही पाय ठेवणार? वारा पुन्हा फिरला तर? पेंढा पेटला तर? आणि मडक्यात विस्तवच आहे, मिठवणी नाही, हे रोज कोण बघणार?

दिवसभर उन्हात बसून पाटलाचं डोकं चढलं होतं.

"तू बघनार," तो म्हणाला. "नियम तिनं मोडला, पन ही खेप माफ. वाडी तिची ऱ्हाईल. पन तुझ्याशिवाय चूड पेटवायची नाय. ती पुढं, तू मागं, पानी घेऊन. पेंढा जाईस्तोवर."

संशय त्याचा, मग घडाही त्याचाच.

रात्री काकीने शकूला चुलीपाशी बोलावलं. भाकरी वाढली, कालवण वाढलं, पण एक शब्द बोलली नाही. शकूने तिची आण मोडली होती, त्याचा हिशेब अजून बाकी होता, आणि शकूही खाली मान घालून जेवली.

दोन दिवसांनी वारा पडलेला पाहून काकी वाडीत गेली. शकू ताडाखाली बसली, लपून नाही, उघड. काकीने मडक्यातून चूड पेटवली. तिच्या मागे नाथा, डोक्यावर पाण्याचा घडा, कपाळाला आठी, मडक्यात डोकावून बघितल्याखेरीज त्याने तिला पाऊल टाकू दिलं नव्हतं. ती थांबली की तो थांबायचा, ती वळली की तो घड्यासकट वळायचा. घड्यातलं पाणी तिने एकदा बोट बुडवून जिभेवर ठेवलं. नाथा चिडला, म्हणाला, विहिरीचंच आहे. असेल, काकी म्हणाली, आणि पुढे चालली.

ओळ संपली. काकीने चूड विझवायला हात पुढे केला, तर नाथाने घडा दिला नाही. तो मागे बांधाच्या कोपऱ्याकडे बघत होता.

"तिथं लव्हाला ऱ्हायला," तो म्हणाला.

काकी मागे फिरली.